विठ्ठलचं वाक्य

मयूर विहार, दिल्ली
शुक्रवार, १६ जानेवारी २००४

प्रिय प्रसन्न,

पाकिटावर माझं अक्षर दिसलं तर तू ते न फोडताच टाकून देशील, म्हणून वरचं नाव विलासकडून लिहून घेतलं आहे, आणि उद्याच हातात पडावं म्हणून कुरिअरने पाठवते आहे. आता फोडलंच आहेस, तर शेवटपर्यंत वाच. फोनवर माझा आवाज आला की तू ठेवून देतोस. दिवाळीत अक्षताशी दोन मिनिटं बोललास, मी रिसीव्हर हातात घेतला आणि पलीकडून खट्‌ आवाज आला. मयूर विहार ते गुडगाव असं अंतर ते किती? आता तर टोलचा पूल झालाय, विलास म्हणतो तासाभरात पोचतो माणूस. आणि आपण चार वर्षं एकमेकांचं तोंड पाहिलेलं नाही. आईबाबा असते तर दोघांच्याही पाठीत धपाटे बसले असते. ते नाहीत म्हणून आपलं फावलं.

थंडीत पाय दुखतो का रे? विलासच्या एका मित्राने तुला तुमच्या त्या काचेच्या इमारतीखाली पाहिलं, वॉकीटॉकी घेऊन कॉल सेंटरच्या पोरापोरींच्या गाड्या मार्गी लावताना. थोडा लंगडतो पण तब्येत छान आहे, म्हणाला. ते एवढंसं वाक्य मी आठवडाभर पुरवून पुरवून खाल्लं. आमचं ठीक चाललंय. विलासचं ऑफिस नोएडाला हललं, तिथे सेक्टर अठरात मॉल झालाय आणि तुझी भाची सरकत्या जिन्यावर उगाच चार वेळा वरखाली करून येते. चौदा वर्षांची झाली. मराठी बोलते, पण मधेच अडली की 'आई, मतलब वो...' असं सुरू होतं. धुकं इतकं आहे की समोरच्या सोसायटीचे दिवे दुपारीसुद्धा लावलेले असतात.

आता मुद्द्यावर येते. शेवंताबाई आमच्याकडे आल्या आहेत. विठ्ठलच्या आई. मंगळवारपासून इथेच आहेत. हे वाचून पत्र खाली ठेवू नकोस. त्या कशा आल्या आणि काय झालं ते सांगते, पण त्याआधी जुनं बोलावं लागेल. आजवर ते मी टाळलं. तू गप्प राहिलास, आणि तुझ्या गप्प राहण्याचा मी सोयीचा अर्थ लावला.

नव्याण्णवचा ऑगस्ट आठव. कारगिलहून तुला छावणीतल्या लष्करी हॉस्पिटलात आणलं होतं आणि मी रोज ऑफिसातून अर्धी रजा टाकून डबा घेऊन यायचे. तीन आठवडे तू 'मीठ कमी आहे' यापलीकडे काही बोलला नाहीस. मग एका दुपारी, कोथिंबिरीची वडी हातात तशीच धरून, तू बोलायला लागलास. तुझी मांडी फुटलेली. विठ्ठल दहा पावलांवर, दुसऱ्या खडकाआड, पोटात लागलेला. मधे उघडी जागा आणि वरून गोळीबार. सकाळी उजाडल्यापासून चारपर्यंत तो तुला हाक मारत होता, आणि हाकसुद्धा पुरी होत नव्हती. 'सा... सा... सा...' एवढंच. तुझ्याच्याने सरकवत नव्हतं. तू नुसतं म्हणत राहिलास, 'आहे मी इथे, विठ्ठल. बोल. ऐकतोय मी.' चारच्या सुमारास तो आवाज थांबला. मग तू माझ्याकडे बघून विचारलंस, 'ताई, मला जाता आलं असतं का गं त्याच्यापर्यंत?'

मी काय उत्तर दिलं होतं आठवतंय? मी डब्याचं झाकण लावलं आणि म्हणाले, 'तू आता पड बघू.' दहावीपर्यंत तुझे निबंध लिहून देणारी तुझी बहीण, त्या दुपारी तिला एक वाक्य सुचलं नाही.

ते घरी गेल्यावर सुचलं. तीन दिवस सकाळी स्वयंपाकाआधी बसून मी ती कथा लिहिली. अधिकाऱ्याचं नाव बदललं, विठ्ठलचं तसंच ठेवलं. वाटलं, तेवढाच त्याचा मान. आणि त्याचं ते 'सा... सा...' मी पुरं केलं. 'साहेब, माझी काळजी करू नका, तुम्ही पुढं व्हा. माझ्या आईला सांगा, तिचा विठू मागं फिरला नाही.' तुझं 'बोल, ऐकतोय मी' मात्र काढून टाकलं. गोष्टीतला अधिकारी नुसता पडून राहून ऐकतोय, हे मला फार साधं वाटलं. माझा अधिकारी गोळ्यांच्या वर्षावात त्याच्यापर्यंत सरपटत जातो, त्याचं डोकं मांडीवर घेतो, आणि विठ्ठल त्याला निरोप देतो. दिवाळी अंकात कथा आली, बक्षीस मिळालं, ओळखीच्या बायका फोनवर रडल्या. अंक घेऊन तू घरी आलास, टेबलावर ठेवलास आणि म्हणालास, 'ताई, तो असं बोलला नाही.' आणि मी, देवा रे, तुला कलेतलं सत्य म्हणजे काय यावर व्याख्यान दिलं. तू चहा न घेता गेलास. तो कप मी तसाच मोरीत ओतला होता.

त्यानंतर मी युद्धावरचं पुष्कळ वाचलं. आधी स्वतःची बाजू भक्कम करायला म्हणून, नंतर सवयीने. आपल्या कवितांतला सैनिक रक्ताने न्हातो, पण त्याला हगवण लागत नाही. त्याच्या खिशात बायकोचा फोटो असतो, तोंडी मातृभूमीचं नाव असतं, आणि पोटात लोखंड घुसलेलं असताना तो पूर्णविरामासकट बोलतो. लिहिणारा उबेत बसलेला असतो ना, त्याला ती अर्धी राहिलेली हाक सहन होत नाही. ती पुरी झाली की त्याला झोप लागते. मला लागली होती. खोटं का सांगू, दोन वर्षं छान लागली. मग कधी कधी दुपारी ऑफिसात भाषांतर करताना कानाशी ते 'सा... सा...' सुरू व्हायचं, अगदी शांतपणे, कुणीतरी पलीकडच्या टेबलावरून हाक मारतंय असं. मी मान वर करायचे. कुणी नसायचं.

तर आता शेवंताबाई. तुला माहीत आहे, इथलं मंडळ दर संक्रांतीला पानिपतला जातं. मराठी माणसाने तिळगूळ खायच्या दिवशी हरलेल्या लढाईच्या जागी जाऊन उभं राहायचं आणि रडायचं. यंदा अण्णासाहेबांनी, म्हणजे आमच्या मंडळाच्या कार्यवाहांनी, ठरवलं की अडीचशे वर्षांपूर्वीच्या शहिदांबरोबर आपल्या काळातल्या एका वीरमातेचाही सत्कार करायचा, आणि तिच्या मुलावरची कथा तिथे सादर करायची. सादर कोण करणार, तर लेखिकेची कन्या. उतरायचं कुणाकडे, तर लेखिकेकडेच. मला विचारेपर्यंत पत्रं गेलीसुद्धा होती. शेवंताबाईंचा पुतण्या धीरज इथे करोलबागेत राहून यूपीएससीचा अभ्यास करतो. सुट्टी संपवून परत येताना तो त्यांना घेऊन आला. हिरवं लुगडं, पायात पुतण्याचे लोकरीचे मोजे, हातात बाजरीच्या भाकरीचं गाठोडं. मला बघून त्यांनी माझे दोन्ही हात आपल्या कपाळाला लावले. मला तिथल्या तिथे सांगायला हवं होतं. मी चहा टाकला.

बुधवारी दोन बसेस निघाल्या. शेतं दिसत नव्हती, रस्ता दिसत नव्हता, ड्रायव्हर मान बाहेर काढून चालवत होता. स्मारकापाशी पोवाडा झाला, शाल-श्रीफळ झालं, आणि मग अक्षता उभी राहिली. शब्दन्‌शब्द पाठ, कुठेही अडखळली नाही. आपली लेक छान बोलते याचा मला एरवी किती आनंद होतो. पण शेवटच्या परिच्छेदापाशी माझं लक्ष शेवंताबाईंकडे गेलं. त्यांचे ओठ हलत होते. 'साहेब, माझी काळजी करू नका...' त्यांना ते वाक्य पाठ होतं, प्रसन्न. अक्षताच्या बरोबरीने, काना-मात्रा न चुकता, ती अंगठा उठवणारी बाई माझं वाक्य म्हणत होती. भोवती सगळे डोळे पुसत होते. मग कार्यक्रम संपला आणि तीच सगळी मंडळी चादरी आणि ब्लँकेटं घ्यायला बाजारात घुसली. पानिपतला आल्यासारखं काहीतरी घ्यायलाच हवं ना. आपल्या विलासनेही एक डबलबेडचं घेतलं.

परतताना बसमध्ये शेवंताबाई माझ्याशेजारी बसल्या. मांडीवर सत्काराचा नारळ. त्यांनी आपणहूनच सुरुवात केली. म्हणाल्या, "ताई, तुमचं लई उपकार हायेत. माझा इठू ल्हानपणापास्नं बोलताना अडायचा. शाळंत पोरं हसायची, मास्तर हसायचा. पलटणीत कसा घेतला त्येचं मलाच नवाल. पैला शबुद अडला की अडलाच. लोकं काय करायची, त्येचं बोलनं मधीच पुरं करायची. त्ये त्येला लई लागायचं. म्या कधी केलं न्हाई. चूल इझली तरी थांबायची म्या. त्यो सांगंल तवा सांगंल."

मी खिडकीबाहेर बघत राहिले. बाहेर नुसतं पांढरं होतं.

तू मला हे कधी सांगितलं नव्हतंस. किंवा सांगितलं असशील आणि मला ते ऐकू आलं नसेल. ते 'सा... सा...' मी जखमेमुळे समजले होते. तो तर जन्मभर तसंच बोलत होता. आणि जगातला प्रत्येक उतावळा माणूस त्याच्याशी जे वागला, तेच मी त्याच्या मरणानंतर छापील अक्षरांत वागले.

पण तेवढ्यावर भागलं नाही. त्या पुढे सांगत होत्या. विठ्ठल सहा वर्षांचा असताना त्यांनी गावच्या भैरोबाला नवस बोलला होता: पोराची जीभ सुटू दे, तुझ्या दारात घंटा बांधीन. जीभ काही सुटली नाही. पोरगा गेला, तिरंग्यातून आला, आणि शेवंताबाई भैरोबावर रुसून बसल्या. देवळाची पायरी चढल्या नाहीत. मग पुढच्या वर्षी पंधरा ऑगस्टला शाळेत हेडमास्तरांनी माझी कथा वाचून दाखवली. सगळा गाव रडत होता, म्हणाल्या, आणि त्या एकट्या हसत होत्या. लोकांना वाटलं बाईला वेड लागलं. त्यांना कळलं होतं ते इतर कुणाला कळलं नव्हतं: शेवटच्या घटकेला त्यांचा लेक न अडता बोलला. एवढं लांबलचक, एका दमात. देवाने नवस ऐकला, उशिरा का होईना. त्यांनी कानातली फुलं मोडली, कराडहून पितळेची घंटा घडवून आणली आणि भैरोबाच्या दारात बांधली. रोज सकाळी जाऊन त्या ती स्वतः वाजवतात. तीन वर्षं झाली.

दिल्ली येईपर्यंत मी डोळे मिटून बसले. त्यांना वाटलं माझा डोळा लागला. त्यांनी ते नवं ब्लँकेट माझ्या अंगावर घातलं.

तुला वाटेल, मी त्यांना तसंच जाऊ द्यायला हवं होतं. विलास हेच म्हणाला. 'सुखात आहे बिचारी, तू कशाला सत्याचा झेंडा घेऊन उभी राहतेस?' त्याचं चूक नाही. मीही काल सकाळभर तेच घोकत होते. पण घरात फिरताना त्या मधूनच ते वाक्य पुटपुटायच्या, स्तोत्र म्हणावं तसं, आणि मला वाटायचं, या बाईच्या जन्मभराच्या थांबण्यावर मी माझी शाई सांडली आहे. ज्या एकटीने विठ्ठलचं बोलणं कधी तोडलं नाही, तिच्याच तोंडात मी ते तोडलेलं बोलणं घातलं होतं. दुपारी आम्ही दोघी बाल्कनीत मटार सोलत बसलो होतो. मी सांगून टाकलं. सगळं. ते वाक्य माझं आहे, विठ्ठलचं नाही. अधिकारी त्याच्यापर्यंत पोचला नव्हता. तो अधिकारी माझा भाऊ आहे.

त्यांचे हात थांबले नाहीत. शेंग मोडायची, अंगठा फिरवायचा, दाणे ताटात. तशातच त्यांनी विचारलं, "मंग काय म्हनत व्हता?" मी सांगितलं, 'सा... सा...' एवढंच. माझ्या तोंडून ते आलं तेव्हा त्यांनी डोळे मिटले. ओळख पटली त्यांना. चार वर्षांत पहिल्यांदा त्यांना त्यांच्या मुलाचा आवाज ऐकू आला असेल, आणि तो माझ्या गळ्यातून यावा, याची मला इतकी शरम वाटली की उठून पळावंसं वाटलं. मग म्हणाल्या, "कवापतोर?" मी म्हणाले, उजाडल्यापासून चारपर्यंत. "आन्‌ सायेब?" साहेब दहा पावलांवर होते, पाय फुटलेला होता. "त्ये काय म्हनत व्हते?"

तेव्हा मी त्यांना ते सांगितलं, जे मी कथेतून काढून टाकलं होतं. मी म्हणाले, माझा भाऊ दिवसभर म्हणत होता, 'आहे मी इथे, विठ्ठल. बोल. ऐकतोय मी.'

तेव्हा त्यांचे हात थांबले. ताट बाजूला सरकवून त्यांनी पदर तोंडाशी धरला आणि रडल्या. पानिपतला रडल्या नव्हत्या, शाळेत रडल्या नव्हत्या. म्हणाल्या, "दिसभर ऐकलं? मधी न्हाई तोडलं?" मी मानेनेच नाही म्हटलं. "मंग सायेबांनी माजं काम केलं," म्हणाल्या. घंटेचं काय, असं मी भीत भीत विचारलं. "ऱ्हाऊ दे तिथंच. देवाला काय सांगायचं त्ये म्या बघते." आणि पुन्हा ताट ओढून घेतलं.

प्रसन्न, आता कबूल करते. ते वाक्य मी विठ्ठलच्या आईसाठी लिहिलं नव्हतं, कलेसाठी तर नव्हतंच नव्हतं. ते मी तुझ्यासाठी लिहिलं होतं. तू मला विचारलं होतंस, जाता आलं असतं का. मला उत्तर देता येईना, म्हणून मी मेलेल्या माणसाच्या तोंडून तुला माफी लिहून दिली: 'साहेब, तुम्ही पुढं व्हा.' माझ्या अक्षरातली माफी तू ओळखलीस आणि घेतली नाहीस. बरोबर केलंस. तुझ्या प्रश्नाचं उत्तर मला आजही माहीत नाही. ते देण्याचा हक्क माझा नव्हता.

हे पत्र त्यासाठी. शेवंताबाईंची गाडी सोमवारी आहे. त्यांना तू भेटायला हवा आहेस. तुझ्याकडे यायला त्या तयार होत्या, पण त्या काचेच्या इमारतीत त्यांना नेऊन उभं करणं माझ्या जिवावर आलं. रविवारी दुपारी घरी ये. मी, विलास आणि अक्षता नोएडाला जातोय, संध्याकाळपर्यंत परतणार नाही. दार त्या उघडतील. पिठलं आणि भाकरी करून ठेवणार आहेत, तू खाशील का विचारत होत्या. मी म्हटलं, माझ्या भावाने खाण्याला कधी नाही म्हटलेलं नाही. तू माझ्याशी बोलू नकोस हवं तर, आणखी चार वर्षं नको बोलूस. त्यांच्यापाशी बस. तिथे काय बोलणं होईल ते मी विचारणार नाही, आणि त्यावर एक ओळ लिहिणार नाही. त्यांनी तुला निरोप दिलाय, त्यांच्याच शब्दांत देते, यात माझं काहीही नाही: "सायेबांना म्हनावं, त्यो जसा म्हनत व्हता तसंच मला म्हनून दावा. अडंल तितं अडू द्या. म्या थांबंन."

तुझीच,
ताई